हळदीपुढं कुंकू, कातापुढं चुना

अण्णा, काल तुमचा दहावा झाला. कावळ्यानं पिंड नीट ठेवूसुद्धा दिला नाही. दौलत तात्यांच्या लेकानं पत्रावळ खाली टेकवली न टेकवली, तोच वरून झडप आली आणि भाताचा गोळा गेला. नदीत पाण्याचा टिपूस नाही, झाडाला पान नाही, माणसं खडी फोडून रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खातायत. असल्या वर्षात कावळा कशाला भाव खातोय! पण जमलेल्यांचा जीव भांड्यात पडला. "मास्तरांची कायसुदिक विच्छा ऱ्हायली नव्हती बगा. तृप्त मानूस," म्हणत सगळे धोतरं झटकून उठले.

मी मनात म्हटलं, कावळ्याला काय कळतंय डोंबल! तुमचं एक राहिलंय. मला उत्तर द्यायचं राहिलंय.

पाणी द्यायला आधी मीच पुढं झाले होते. "तू न्हाई पोरी. रगताचं मानूस लागतं," तात्या म्हणाले. रागानं नव्हे हो, रीत म्हणून म्हणाले. तुमचे चुलतभाऊ ते, त्यांचा मान. आणि मला तुम्ही नगरच्या अनाथाश्रमातून आणलेलं, हे अख्ख्या कर्जतला ठाऊक. मी मागं सरले, आणि तुमचं वर्गातलं एक वाक्य आठवून मला नेमकं त्याच वेळी हसू फुटलं. "लोक रक्ताच्या शपथा घेतात," तुम्ही म्हणाला होतात, "पण रक्ताला तांबडेपणा ज्या पेशींनी येतो, त्यांच्यात तो धागाच नसतो. साऱ्या अंगात असतो, नेमका तिथंच नसतो!" मी पदर तोंडाला लावला. बायकांना वाटलं पोरीला हुंदका आला. एकीनं पाठीवरून हात फिरवला, आणि मग मात्र खरंच रडू आलं.

धागा. किती बोललो आपण त्या धाग्यावर! दुष्काळाच्या आधीच्या उन्हाळ्यात तुम्ही पुण्याला शास्त्रशिक्षकांच्या शिबिराला गेला होतात. परत आलात ते भारल्यासारखे. एसटीच्या धुळीनं डोकं पांढरं झालेलं, हातातली पिशवी खाली ठेवायचं भान नाही. आईनं ताट वाढलं. तुम्ही भाकरीचा तुकडा मोडलात आणि तो हातातच राहिला.

"इंदे, जिना आहे गं," तुम्ही म्हणालात. "पिळाचा जिना. आपल्या अंगातल्या एकेका पेशीत. डीएनए म्हणतात त्याला."

"आदी जेवा, मंग जिना चढा," आई म्हणाली.

कसले जेवताय! उष्ट्या हातानं तुम्ही हवेत जिना काढायला लागलात. दोन कठडे, एकमेकांभोवती वळत गेलेले. मधे पायऱ्या. प्रत्येक पायरी दोन तुकड्यांची, मधोमध जोडलेली. तुकड्यांच्या जाती चारच. आणि कुणासमोर कुणी यायचं हे ठरलेलं, त्यात काडीचा बदल नाही. त्या चार जातींचा जो क्रम लागतो, तेच लिखाण. डोळे घारे की काळे, बांधा उंच की ठेंगणा, सगळं त्यात.

"चार अक्षरांत सगळं?" मी म्हटलं. मी तेव्हा नगरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला, शास्त्र शाखेला. शहाणपण नुसतं उतू जात होतं. "मराठीला एवढी मोठी बाराखडी लागते, आणि माणूस चार अक्षरांत?"

"माणूस कसला घेऊन बसलीस! ज्वारी त्याच चार अक्षरांत. ती दारातली शेळी त्याच चार अक्षरांत. तुझी आईसुद्धा."

"शेळीच्या मागनं माजं नाव काय?" आई म्हणाली. तुम्हाला ते ऐकूच गेलं नाही.

मग तुम्ही सांगितलंत नक्कल कशी होते ते. आवाज एकदम खाली आणलात, देवळात बोलावं तसा. पेशीची दुसरी पेशी व्हायची वेळ आली की जिना मधून उसवतो. पायऱ्या मधोमध सुटतात, दोन बाजू वेगळ्या होतात. आजूबाजूला सुटे तुकडे असतातच. उसवलेल्या बाजूवर ज्याच्यापुढं जो ठरलेला, तो येऊन बसतो. या बाजूला नवी जोडीदारीण मिळते, त्या बाजूलाही मिळते. एका जिन्याचे दोन होतात, अगदी जुन्यासारखे. आणि दोन्हींत एकेक बाजू जुनी, एकेक नवी.

"वर बसून कुणी सांगत नाही, इंदे. मुकादम नाही, मास्तर नाही. आपण इथं बसलोय, तेवढ्यात आपल्या अंगात किती ठिकाणी चाललं असेल! आपल्याला पत्ताही नाही."

घरच्यांनी कितीदा म्हटलं तरी तुम्ही शिंगणापूरला तेल वाहायला कधी गेला नाहीत. गणपतीच्या आरतीलाही मागं उभे राहून टाळ्या वाजवणारे तुम्ही. त्या दुपारी मात्र तुम्ही जेवणाच्या ताटापुढं हात जोडलेत. कोणाला, ते तुम्हालाही सांगता आलं नसतं. माझ्या अंगावर काटा आला होता. पण माझी जीभ! "नक्कल करताना चूक नाही का होत?" मी विचारलंच.

तुम्ही माझ्याकडं बघितलंत, आणि तुमचं ते ठरलेलं म्हणालात. "विचार करून सांगतो."

अख्ख्या शाळेत तुमच्या या बोलण्याची टिंगल व्हायची, माहीत होतं ना तुम्हाला? पोरं एकमेकांना म्हणायची, मास्तरला नाव विचारलं तरी विचार करून सांगतील. पण तुम्ही खरोखरच सांगायचात. आठवडा जावो, महिना जावो. भर बाजारात भाजीवालीपुढं एखाद्या पोराला थांबवून, "तू मागं विचारलं होतंस ना, रे," म्हणून सुरू व्हायचात. पोरगं प्रश्न कधीच विसरलेलं असायचं. असला सबुरीचा माणूस, आणि त्याच्या घरात मी. माझं सगळं तडकाफडकी. आधी बोलायचं, मग बघायचं. आई म्हणायची, "परीक्षानळ्या आनाया नगरला गेलते, आन् ही मिरची घिऊन आले."

दुष्काळ पडला आणि त्या वर्षी शाळेत विज्ञान प्रदर्शन भरवायचं ठरलं. पोरं निम्मी कामावर, निम्मी सरकारी सुकडीचं पीठ घ्यायच्या रांगेत. हेडमास्तर म्हणाले, काहीतरी भरवू, पोरांची मनं रमतील. पैसा कुठला! तुम्ही म्हणालात, ज्वारीच्या ताटांचा जिना करू. ताट सोललं की आत पांढरं हलकं भेंड निघतं, आपल्याकडं पोरं त्याच्या बैलगाड्या करतात, तेच. सालीच्या लांब कांब्यांचे कठडे, भेंडाच्या तुकड्यांच्या पायऱ्या. कल्पना छानच होती. फक्त कडब्याची पेंडी त्या साली सोन्याची झाली होती.

"जनावराच्या तोंडचा घास काडून खेळनी करताय?" आई कडाडली. तरी तुम्ही चार ताटं मागून घेतलीतच. मग रंगांचा प्रश्न आला. चार जाती, चार रंग पाहिजेत, आणि जोड्या अशा की बघणाऱ्याला पाठ करायला लागू नयेत. तुम्ही विचार करत बसलात. मी तिथल्या तिथं म्हटलं, "त्यात काय? हळद आणि कुंकू. कात आणि चुना."

तुम्ही ताडकन उठून उभे राहिलात. हळदीपुढं कुंकूच यायचं, कातापुढं चुनाच! कर्जतच्या बाजारातल्या कुठल्याही बाईला हे शिकवायला नको. माझी अक्कल तुम्ही दिवसभर भेटेल त्याला सांगत सुटलात. आईची हळद-कुंकवाची कोयरी आणि पानाची चंची मात्र रिकामी झाली. तिचं तोंड चार दिवस पानाविना कडू.

जोडायला बाभळीचे काटे. हळदी-कुंकवाला दोन काटे, कात-चुन्याला तीन. "खऱ्यातसुद्धा असंच आहे," तुम्ही म्हणालात, "एका जोडीला दोन बंध, एकीला तीन. आणि बंध नाजूक पाहिजेत. पक्के असते तर उसवलंच नसतं, आणि उसवलं नसतं तर पुढं काहीच गेलं नसतं." एक कठडा वर जाणारा, दुसरा खाली येणारा, भिंतीवरच्या मुंग्यांच्या रांगेत एक जाणारी आणि एक येणारी असते तसं. तेही तुम्ही सोडलं नाहीत. दिशा कळावी म्हणून कांब्यांच्या एकेका टोकाला दोरा बांधलात, उलट्या बाजूंना. पायऱ्यांचा क्रमही मनाशी ठरवून लावलात. तुम्हाला तो कवितेसारखा पाठ होता. मोकळं असलात की पुटपुटायचात, "हळद, हळद, चुना, कुंकू, कात..." शेजारच्या काकूंना वाटलं मास्तरांनी किराणा मांडला.

प्रदर्शनाच्या आदल्या सकाळी जिना तयार होऊन ओसरीवर उभा होता, छातीइतका उंच, डौलदार पीळ घेतलेला. चुना अजून ओला होता, म्हणून तुम्ही त्याला उन्हाकडं सरकवून आंघोळीला गेलात. आणि चंद्रीनं दावं तोडलं.

कितीही दुःखात असले तरी ते आठवून मला हसू येतं, अण्णा. शेळीनं एका कांबीला तोंड घातलं. आई "हाऽड! हाऽड!" करत धावली आणि तिनं दुसरी कांब धरली. चंद्री ओढतेय, आई ओढतेय, चंद्री ओढतेय. काटे पटापट सुटले. जिना वरपासून खालपर्यंत मधोमध उसवला. एक बाजू शेळीच्या तोंडात गेली, एक आईच्या हातात राहिली. तुम्ही ओल्या अंगानं, टॉवेल गुंडाळून धावत आलात तेव्हा चंद्री शेवटचं कुंकू चघळत होती.

"शेळीला तरी कळलं त्येचा उपेग काय त्ये," आई म्हणाली.

तुम्ही खांबाला टेकून मटकन बसलात. इतक्या दिवसांचं काम! मी मात्र आईच्या हातातली बाजू घेतली, खाटेवर आडवी ठेवली. "अहो, रडताय काय? एक बाजू आहे ना! आई, एक ताट दे." "ह्ये शेवटचं हां," म्हणून आईनं ते दिलं. मी नवी कांब सोलली, दोरा उलट्या टोकाला बांधला, भेंडाचे तुकडे पाडले आणि लावत सुटले. हळद दिसली की कुंकू. चुना दिसला की कात. तुम्हाला काही विचारायची गरजच पडली नाही. गेलेल्या बाजूचा क्रम मला पाठ नव्हता, कधीच नव्हता. पण उरलेली बाजू सांगत होती. माझे हात चालले होते आणि माझ्या मनात हळूहळू उजेड पडत होता. अरे, हे तर तेच! शिबिरातून येऊन तुम्ही ताटापुढं हात जोडलेत ते ज्याच्यासाठी, ते आत्ता माझ्या हातून होतंय! मी मान वर केली. तुम्ही माझ्याकडं बघत होतात आणि तुमच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. टॉवेल सावरायचंसुद्धा तुम्हाला सुचत नव्हतं.

जिना उभा केला. तुम्ही बोटानं पायऱ्या मोजत वरून खाली आलात, पुटपुटत. एका ठिकाणी बोट थांबलं.

"इंदे, या बाजूला इथं हळद होती."

"कुंकू आहे की! म्हणून मी समोर हळद लावली."

"हळद होती. मला पाठ आहे."

"मग मी काय आंधळी आहे?" झालं, जुंपली आपली. शेवटी तुम्ही नखानं तो तुकडा खरवडलात. वरून लाल, आतून पिवळा! वरच्या पायरीचा ओला चुना चंद्रीच्या लाळेनं ओघळून हळदीवर आला होता. हळदीला चुना लागला की लाल होते, हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको. घरोघरी कुंकू तसंच तर करायचे. हळदीचं कुंकू झालं, आणि मी प्रामाणिकपणे त्याच्यापुढं हळद मांडली.

"बदलते हां," मी म्हटलं.

"हात लावू नकोस!" तुम्ही ओरडलात. जन्मात कधी माझ्यावर न ओरडलेला माणूस! "तू विचारलं होतंस ना, चूक होत नाही का? ही बघ चूक! अशीच होते. आणि एकदा झाली की पुढच्या प्रत्येक नकलेत हीच उतरणार, कुणाला कळणारही नाही ही चूक होती म्हणून. अगं, ही झालीच नसती तर आजही जगात एकाच जातीचा काहीतरी चिखल असता. ज्वारी नाही, चंद्री नाही, आपण नाही!" वर्षभरापूर्वीच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला शेळीच्या लाळेत सापडलं होतं. तुम्ही दारात जाऊन चंद्रीच्या गळ्याला मिठी मारलीत. आई म्हणाली, "आता खुळं झालं म्हनायचं मानूस."

तिथंच ती गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शन. आठवड्याचा बाजार, त्यामुळं गर्दी बरी होती. माणसं जिन्याभोवती जमली. तुम्ही रंगून सांगत होतात, जिना उसवून दाखवत होतात, पुन्हा जुळवत होतात. बायका "अगो बया, हळदी-कुकू!" म्हणून खुश. दौलत तात्याही होते, डोक्याला मुंडासं, हातात रिकामी पिशवी. तुम्ही म्हणालात, निम्मं बापाकडून येतं, निम्मं आईकडून. तात्यांनी मान डोलावली.

"म्हंजी शेवटी बी तसं झाड, न्हवं का मास्तर? मंग आपल्या इंदीत तुमचं काय उतारलं?"

मी तिथंच होते, काटे पुरवत. सगळी माणसं माझ्याकडं वळली. मी तुमच्याकडं बघितलं. मला खात्री होती, तुम्ही काहीतरी म्हणाल. नाहीतर "विचार करून सांगतो" तरी म्हणाल. प्रत्येक फुटकळ प्रश्नाला म्हणायचात ते!

तुम्ही विचार केलाच नाहीत. "माझ्याकडून हिच्यात एक अक्षरही आलेलं नाही," तुम्ही म्हणालात. "शास्त्र तसंच आहे."

मी हातातले काटे तिथं टाकले आणि घरी निघून आले.

त्यानंतरचे महिने आठवतात का? दर शनिवारी मी नगरहून यायची आणि आपलं तेच. तुम्ही म्हणायचात, "खोटं कसं बोलू, इंदे? तुझं मन राखायला शास्त्राला पाठ दाखवू?" मी म्हणायची, "मन राखा कोण म्हणतंय? मी तुमची कोण ते सांगा. मी चालते तशी नाही, बोलते तशी नाही, नाक नाही, डोळे नाहीत, स्वभाव तर नाहीच. एकही अक्षर नाही म्हणालात. मग माझ्यात तुमचं आहे काय?" तेव्हा कुठं तुम्ही खाली बघून म्हणालात, "विचार करून सांगतो." मी म्हटलं, "करा!" आणि आत जाऊन भांडी आपटली.

तुम्ही विचार करत होतात, हे मला दिसत होतं. जिना शाळेतून परत आला होता आणि आईनं तो ओसरीच्या आढ्याला टांगला होता, चंद्रीच्या तोंडापासून लांब. तुम्ही खाटेवर पडून त्याच्याकडं बघत राहायचात. मी विचारायची नाही. माझा राग होता, तसा तुमच्यावर विश्वासही होता. हा माणूस पोराला भर बाजारात गाठून उत्तर देतो, मला देणारच.

शेवटच्या सोमवारी तुम्ही मला स्टँडवर सोडायला आलात. गाडी सुटली, आणि तुम्ही एकदम खिडकीच्या गजाला धरून चार पावलं धावलात. या वयात! "इंदे, बहुतेक सापडलं. शनिवारी ये, सांगतो." धुळीत तुमचा हसरा चेहरा मागं पडला.

बुधवारी निरोप आला. ओसरीवर बसल्या बसल्या गेलात म्हणे, चहाची कपबशी खालीसुद्धा पडली नाही. मी आले तेव्हा सगळे रडत होते आणि मला तुमचा इतका संताप आला होता की रडूच येईना.

आज पुन्हा शनिवार आहे. पाहुणे सकाळच्या गाडीनं गेले. आई ओसरीवर खांबाशी बसली होती. तुम्ही गेल्यापासून ती बोलत नाही. खा म्हटलं की खाते, ऊठ म्हटलं की उठते. तुमची खाट रिकामी, वर आढ्याला जिना वाऱ्यानं जरा जरा फिरतोय. माझं काय झालं कोण जाणे, मी त्या खाटेवरच ओरडले. "सांगायचंच होतं तर स्टँडवर सांगायचं होतंत! एवढी काय गाडी चुकत होती? जन्मभर उद्या, उद्या!"

आईनं मान वर केली. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर जरासं हसू आलं. मग ती तुमच्यासारखी हनुवटी चोळत म्हणाली, "'घाईत दिल्यालं उत्तर अर्दं आसतं, इंदे.' आसंच म्हनले आसते."

अगदी तसंच म्हणाला असतात तुम्ही.

"आनखी बोल की," आई म्हणाली. "कवाची बसलीया मी, त्येंचा आवाज आटवत. येतच न्हाई बग. मला वाटलं, गेला आता त्यो बी. पर तू भांडलीस आन् लगी ऐकू आलं. तू तुजं बोल. त्येंचं मला कळतंय."

मग मी बोलले. कॉलेजचं, चहात साखर जास्त घालायचं, मला सायकल शिकवताना हात सोडायचं, जुनी जुनी सगळी भांडणं काढली. माझं एक वाक्य गेलं की आईकडून तुमचं येत होतं. माझ्या घाईपुढं तुमची सबुरी. माझ्या आरड्याओरड्यापुढं तुमचं ते खाली बघून पुटपुटणं. माझ्या "आत्ताच्या आत्ता"पुढं तुमचं "बघू". आई हसत होती आणि रडत होती. तुम्ही ओसरीवर होतात, अण्णा. मी शपथेवर सांगते. रक्ताच्या नव्हे.

आणि मी वर बघितलं. तो शेळीनं खाल्लेला, पुन्हा जोडलेला जिना. लोक माझ्यात तुमच्यासारखं काय आहे ते शोधत राहिले, मीही तेच शोधत राहिले, आणि ते कुठंच सापडेना. सापडणार कसं? हळदीपुढं हळद कधी बसली आहे का? मी तुमच्यासारखी नाहीच. मी तुमच्या समोरची आहे. इतकी वर्षं तुमच्यापुढं बसून, तुमच्याशी तंडून, मी अशी झाले की मला बघून तुम्ही काय होतात ते सांगता यावं. एक बाजू गेली. पण माझ्या हातांनी एकदा अनुभवलंय, उरलेली सांगते.

चुका होतील. आईनं मघाशी तुमच्या तोंडी एक अशी शिवी घातली जी तुम्ही कधी दिली नसतीत. मीही काही ठिकाणी हळदीचं कुंकू करीन आणि पुढं सांगताना तेच सांगीन. तुम्ही म्हणाला असतात, हात लावू नकोस, राहू दे.

तात्यांवर माझा राग नाही. पिंड त्यांच्या लेकानं दिला, कावळ्यानं नेला, छान झालं. मला तुम्ही नगरच्या त्या आश्रमातून उचलून आणलंत, कडेवर घेऊन एसटीत बसलात, आणि परीक्षानळ्या मात्र तिथंच विसरून आलात, याचे मी कधी आभार मानले नाहीत. आपल्यात तशी पद्धतच नव्हती. आज मानते.

तुम्हाला काय सापडलं होतं ते मला आता कधीच कळणार नाही. मला हे सापडलंय. बरोबर असेल नसेल, मी नेहमीसारखी घाईनं बोलून मोकळी झालेय. तुम्ही तपासून बघा, अण्णा. गडबड काही नाही. विचार करून सांगा.